प्रश्न तीन खात्यांचा, निधी कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार जणांचा लहान गट आहे. रात्रपाळी संपवून स्वतः गाडी चालवत घरी जाणाऱ्या कामगारांची झोप आणि त्यांचे अपघात यांचा संबंध तपासायचा आहे. आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्यांनी सांगितलं, हा वाहतुकीचा विषय. वाहतूकवाल्यांनी कामगार खात्याकडे बोट दाखवलं. कामगार खातं म्हणालं, आमच्याकडे संशोधनाचं बजेटच नाही. या फेऱ्यांत दीड वर्ष गेलं, आणि आता आरोग्य, सुरक्षितता आणि सामाजिक धोरण या विषयांना निधी देणाऱ्या संस्थांची यादी तुम्हाला हवी आहे.

नावं देते. पण वीसेक वर्षं प्रस्ताव लिहिण्यात आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांचे प्रस्ताव तपासण्यात गेली आहेत, म्हणून आधी एक गोष्ट सांगते. तुमच्या उत्तरावाचून कोणाचा निर्णय अडला आहे, तो माणूस किंवा ती संस्था शोधा. पैसा त्या निर्णयाच्या आसपास असतो. हे कळायला मला तीन नकार लागले. तिसऱ्या नकारपत्रात एका परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती: "निष्कर्ष महत्त्वाचे ठरतील, पण ते वापरणार कोण?" तेव्हा राग आला होता. मग मी एका वाहतूक कंपनीत पाळ्या लावणाऱ्या कारकुनाला जाऊन भेटले. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "बाई, मला एवढंच सांगा, माणसाला सलग चौथी रात्र द्यायची की नाही?" त्यांच्या टेबलावर पुढच्या महिन्याचा तक्ता होता, पेन्सिलने भरलेला, खोडरबराने झिजलेला. माझ्या प्रस्तावात झोपेबद्दल 14 पानं होती आणि सलग चौथ्या रात्रीबद्दल एक ओळही नव्हती. प्रस्ताव पुन्हा लिहिला, या वेळी त्या तक्त्यापासून सुरुवात करून, आणि त्याला पैसे मिळाले.

तुमच्याच विषयातलं मोठं उदाहरण पाहा. 2005 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या 2,737 शिकाऊ डॉक्टरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सलग 24 तास किंवा त्याहून लांब ड्यूटी करून घरी निघालेल्या डॉक्टरांना गाडीचा अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. या कामाला निधी दिला तो नायॉश या कामगार सुरक्षिततेच्या संशोधन संस्थेने आणि आरोग्यसेवेची गुणवत्ता पाहणाऱ्या एएचआरक्यूने. डॉक्टर हा कामगार आहे म्हणून एकीचा प्रश्न, आणि त्याच्या हाती पेशंट आहेत म्हणून दुसरीचा. तुमच्याकडे दोष म्हणून पाहिली गेलेली गोष्ट, म्हणजे विषय दोन-तीन खात्यांत पसरलेला असणं, इथे दोन दारं उघडी असण्यासारखी ठरली. मात्र प्रत्येक दारावर त्या त्या घराचा प्रश्न घेऊन जावं लागतं. तोच प्रस्ताव तिघांकडे पाठवला की तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

तेव्हा सुरक्षिततेच्या बाजूने पहिला शोध असा घ्या: अपघात झाला की पैसे कोणाच्या खिशातून जातात? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात रस्त्यावरच्या जखमींचा खर्च टीएसी ही सरकारी विमा संस्था उचलते. तिथल्या मोनाश विद्यापीठाचं अपघात संशोधन केंद्र 1987 मध्ये सुरू झालं आणि टीएसी त्याच्या कामाला वर्षानुवर्षं निधी देत आली. त्यामागचा हिशेब उघड आहे, टळलेला प्रत्येक अपघात म्हणजे न भरावा लागलेला दावा. जर्मनीत तर कामावर जाता-येतानाचा अपघातही कामगार अपघात विम्यात मोडतो. त्या विमा संस्थांची शिखर संस्था डीजीयूव्ही स्वतःच्या संशोधन संस्था चालवते आणि बाहेरच्या प्रकल्पांनाही पैसे देते. तुमचा प्रश्न तिथे कोणालाही परका वाटणार नाही. म्हणून आधी आपल्या देशात पाळीनंतरचा अपघात कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या खात्यात पडतो ते बघा. अशी नुकसानभरपाई देणारी यंत्रणा असेल, तर पहिलं पत्र तिला. संशोधनाचा वेगळा विभाग नसला तरी 'प्रतिबंध' या नावाखाली थोडी तरतूद बऱ्याचदा असते, आणि ती मागायला फारसं कोणी जात नाही.

सुरक्षिततेसाठीच काम करणारं लॉइड्स रजिस्टर फाउंडेशनही लक्षात ठेवा. 2019 पासून ते गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीबरोबर शंभराहून अधिक देशांत लोकांना धोक्याबद्दल विचारणारं सर्वेक्षण घेतं, आणि त्याचा डेटा मोफत मिळतो. निधी मिळायच्या आधी असा तयार डेटा वापरून एखादा छोटा लेख लिहिता आला, तर प्रस्तावाला त्याने वजन येतं.

आरोग्याच्या बाजूला पैसा मोठा, पण रांगही मोठी. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत आर01 हा अनुदानाचा मुख्य प्रकार: पाच वर्षांपर्यंतचा प्रकल्प, उद्दिष्टांचं एक पान आणि संशोधनाची योजना 12 पानांत. नव्या कल्पनांसाठी आर21: दोन वर्षं, थेट खर्चासाठी एकूण 2,75,000 डॉलरपर्यंत, योजना सहा पानांत. त्यासाठी आधीचे आकडे असण्याची सक्ती नाही. अमेरिकेबाहेरच्या गटांनी एक ध्यानात घ्यावं: 2025 मध्ये एनआयएचने परदेशी सहसंस्थांकडे पैसे वळवण्याची जुनी पद्धत थांबवली, त्यामुळे कोणा सहकाऱ्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका. युरोपच्या होरायझन युरोप कार्यक्रमात (2021 ते 2027, सुमारे 95.5 अब्ज युरो) पहिला गट आरोग्याचा, दुसरा समावेशक समाजाचा, तिसरा नागरी सुरक्षेचा, म्हणजे तुमचे तिन्ही शब्द तिथे आहेत. पण बहुतेक कॉलना, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातींना, तीन वेगवेगळ्या सदस्य किंवा संलग्न देशांतल्या किमान तीन स्वतंत्र संस्था लागतात. बाहेरच्या देशांपैकी काहींना आपोआप निधी मिळतो, काहींना नाही. आपला देश कोणत्या यादीत आहे हे अर्जाच्या पहिल्या दिवशी पाहा. हे शेवटच्या आठवड्यात कळलेले गट मी पाहिले आहेत.

ब्रिटनची वेलकम ही धर्मादाय संस्था सध्या हवामान आणि आरोग्य, संसर्गजन्य रोग, मानसिक आरोग्य या तीन प्रश्नांवर भर देतं, शिवाय मूलभूत शोधासाठी खुली अनुदानं आहेत. त्यांचा विषय आपल्यात कोंबायचा मोह होतो. रात्रपाळीच्या प्रस्तावाला हवामान बदलाचा एक परिच्छेद चिकटवलेला असला, तर तो चिकटवलेला आहे हे दुसऱ्या ओळीत कळतं. आरोग्यव्यवस्था आणि धोरण असा विषय असेल तर जागतिक आरोग्य संघटनेत असलेली अलायन्स फॉर हेल्थ पॉलिसी अँड सिस्टिम्स रिसर्च, आणि गरिबीशी जोडलेल्या आजारांसाठी 1975 पासून काम करणारा टीडीआर हा कार्यक्रम. कॅनडाचं आयडीआरसी हे सरकारी विकास संशोधन केंद्र 1970 पासून विकसनशील देशांतल्या संशोधकांना थेट निधी देतं. रकमा लहान असतात, पण प्रकल्पाचं नेतृत्व स्थानिक गटाकडे राहतं, आणि मला ते मोलाचं वाटतं.

सामाजिक धोरणाची गोष्ट वेगळी आहे. इथे बहुतेक लोक 'संशोधन अनुदान' शोधत बसतात आणि पैसा बाजूच्या खोलीत असतो. मेक्सिकोने 1997 मध्ये गरीब कुटुंबांना रोख मदत देणारा प्रोग्रेसा कार्यक्रम सुरू केला. सगळ्या गावांना एकदम सामावून घेणं शक्य नव्हतं, म्हणून 506 गावं निवडून त्यातल्या 320 गावांना चिठ्ठी पद्धतीने आधी आणि 186 गावांना नंतर घेतलं. मूल्यमापन कार्यक्रमाच्या आखणीतच होतं. 2000 मध्ये सत्ता बदलली, नव्या सरकारने नाव बदललं, पण कार्यक्रम टिकला, आणि त्यात या मूल्यमापनाच्या आकड्यांचा वाटा मोठा होता. तात्पर्य तुमच्यापुरतं: एखादी मोठी कंपनी, रुग्णालयांची साखळी किंवा खातं पाळ्यांची वेळ बदलणारच असेल, तर बदल सगळीकडे एका दिवशी न करता टप्प्याटप्प्याने करा, क्रम चिठ्ठीने ठरवा, मोजमाप आम्ही करतो, असं त्यांना सांगा. बदलाचा खर्च त्यांच्या चालू बजेटमध्ये आहेच. तुम्हाला मग फक्त मोजमापाचा निधी लागतो, आणि तो मागणं कितीतरी सोपं. या प्रकारच्या अभ्यासांना जे-पाल आणि थ्री-आयई या संस्थांकडून पैसे मिळू शकतात. जे-पालच्या बहुतेक निधीसाठी त्यांच्याशी संलग्न संशोधक गटात असावा लागतो. विल्यम टी. ग्रँट फाउंडेशन तर संशोधनाचा पुरावा निर्णयात प्रत्यक्ष कसा वापरला जातो, यावरच्या अभ्यासाला पैसे देतं. त्यांचं लक्ष तरुण पिढीच्या प्रश्नांवर आहे. रसेल सेज किंवा रॉबर्ट वूड जॉन्सन या फाउंडेशनांची नावं प्रत्येक यादीत दिसतील, पण त्यांचा रोख मुख्यतः अमेरिकेतल्या प्रश्नांवर आहे. तुमचा अभ्यास तिथला नसेल तर तिकडे वेळ घालवू नका.

कॉल शोधण्यापेक्षा मंजूर झालेले प्रकल्प शोधा, यावर माझा फार विश्वास आहे. कॉलमधली भाषा मोघम असते. पैसे कशाला दिले हे मात्र खरं सांगतं. एनआयएचच्या रिपोर्टर या संकेतस्थळावर मंजूर प्रकल्पांचे सारांश आहेत, आणि त्यातल्या मॅचमेकर सोयीत तुमचा सारांश टाकला की मिळतेजुळते प्रकल्प आणि ते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात. युरोपसाठी कॉर्डिस आहे, ब्रिटनच्या सरकारी निधीसाठी गेटवे टू रिसर्च, तिथल्या धर्मादाय संस्थांसाठी ग्रँटनॅव्ह. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनला 990-पीएफ या कर विवरणपत्रात दिलेली सगळी अनुदानं नोंदवावी लागतात आणि ते विवरणपत्र कोणीही वाचू शकतं. कोणाला, किती, कशासाठी हे तिथे दिसतं. 'नवोदितांचं स्वागत आहे' असं लिहिणारी संस्था दरवर्षी त्याच आठ विद्यापीठांना पैसे देते का, हेही दिसतं. मग त्या अधिकाऱ्याला एक पानाची टिपण पाठवा आणि पंधरा मिनिटं मागा. लाजू नका, हे त्यांचं कामच आहे. तुम्हाला 'हे आमच्याकडे बसत नाही' असं उत्तर आलं तरी 'मग कोणाकडे बसेल' हे विचारूनच फोन ठेवा.

आता पहिल्या पानाबद्दल. माझ्याकडे एका फेरीत दहा-बारा प्रस्ताव येतात. मी पहिलं पान वाचते, मग बजेट, मग पद्धत. बरेच परीक्षक असंच करतात. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात पहिलं उद्दिष्ट असं आहे: "रात्रपाळीतील कामगारांच्या झोपेच्या आणि अपघातांच्या परस्परसंबंधांचा सर्वंकष अभ्यास करणे." हे वाक्य कोणत्याही प्रस्तावात चालेल, म्हणून तुमच्या प्रस्तावात ते चालत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: "सलग रात्रींची संख्या पाचावरून तीनवर आणली, तर पाळी संपताना कामगाराची सतर्कता किती सुधारते आणि घरी जाताना डुलकी लागल्याचे प्रसंग किती कमी होतात?" यात कारकुनाचा तक्ता आहे, मोजायची वस्तू आहे, आणि उत्तर आलं की काय करायचं तेही आहे.

'अपघात' हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला. प्रत्यक्ष अपघात क्वचित होतात. त्यांच्यावर फरक दाखवायचा तर हजारो माणसं आणि काही वर्षं लागतात. चार जणांच्या गटाने तसं म्हटलं की परीक्षक तिथेच थांबतो. सतर्कतेची चाचणी मात्र दहा मिनिटांत होते: पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, प्रतिसादाला 500 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला तर ती चूक धरायची. चाळीस माणसांवर पाळी सुटताना ही चाचणी घेऊन ठेवा. त्याला मोठा निधी लागत नाही, स्वतःच्या संस्थेचं छोटं अनुदान पुरतं, आणि ते आकडे हातात असले की तुमचा नमुना किती मोठा हवा हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. सतत 17 तास जागं राहिल्यावरची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असतानासारखी खालावते, हे 1997 मध्येच दाखवलं गेलं आहे. ते एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. झोप महत्त्वाची आहे हे पटवण्यात तीन पानं घालवू नका.

बजेट हा प्रस्तावाचा सर्वांत प्रामाणिक भाग असतो. त्यात तुम्ही काम कधी केलं आहे की नाही ते दिसतं. माझ्या पहिल्या प्रकल्पात प्रत्येक घरी एकच भेट धरली होती. माहिती गोळा करणारी आमची मुलं दुपारी जायची आणि रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपलेला. दार उघडायची बायको किंवा मुलगा, तोही तोंडावर बोट ठेवून. निम्म्या घरी दुसऱ्यांदा, काही ठिकाणी तिसऱ्यांदा जावं लागलं आणि प्रवासाचे पैसे पाचव्या महिन्यात संपले. तेव्हापासून मी पुन्हा भेटीचा खर्च, कामगाराने दिलेल्या वेळाचा मोबदला, प्रश्नावलीचं भाषांतर व उलट भाषांतर, आणि डेटा सांभाळणाऱ्या माणसाचा पूर्ण पगार या चार ओळी आधी लिहिते. संस्थेचा वाटा, म्हणजे ओव्हरहेड, प्रत्येकाकडे वेगळा: होरायझन युरोपमध्ये थेट खर्चाच्या ठरावीक 25 टक्के, एनआयएच परदेशी संस्थांना सहसा आठ टक्के देते. तुमच्या विद्यापीठाला किती हवा आहे हे अर्जाआधी लेखी घ्या. गेट्स फाउंडेशनकडे जाणार असाल तर 2025 पासून ते मुक्त प्रकाशनाचं शुल्क देत नाहीत, प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीच लेख खुला टाकणं, मात्र सक्तीचं आहे. लेखाचा खर्च त्यांच्या भरवशावर धरू नका.

तुमच्या विषयात पैसे घेऊन आपणहून येणारेही भेटतील: डुलकी ओळखणारं उपकरण विकणारे, उत्तेजक पेयं विकणारे, ज्यांच्या पाळ्या तपासायच्या तीच कंपनी. सरसकट नाही म्हणा असं मी म्हणत नाही, पण करारातला प्रकाशनाचा मुद्दा आधी वाचा. निष्कर्ष छापायला देणगीदाराची परवानगी लागणार असेल तर सही करू नका. 30 दिवस आधी वाचायला देणं ठीक, रोखण्याचा अधिकार देणं नाही. मध्यम मद्यपानाच्या परिणामांवरची मोठी चाचणी एनआयएचने 2018 मध्ये बंद केली, कारण मद्य उद्योगाचे पैसे कसे मागितले गेले आणि आखणी कशी झाली यावरचा विश्वासच उडाला होता. 2017 मध्ये फिलिप मॉरिसच्या पैशावर धूम्रपानमुक्तीचं फाउंडेशन निघालं, तेव्हा त्यांच्याशी भागीदारी करू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने सरकारांना आणि आरोग्य क्षेत्राला सांगितलं. एकदा असं नाव जोडलं गेलं की पुढच्या प्रत्येक लेखाखाली ते राहतं.

सरकारी पैसाही स्थिर नसतो. अमेरिकेत 1996 मध्ये संसदेने बंदुकीच्या जखमांवरच्या संशोधनाला लगाम घातला आणि सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या बजेटमधून त्या संशोधनावर आदल्या वर्षी खर्च झाले होते बरोबर तेवढेच, 26 लाख डॉलर, दुसरीकडे वळवले. त्यासाठी पुन्हा वेगळी तरतूद, अडीच कोटी डॉलरची, व्हायला 2020 चं आर्थिक वर्ष उजाडलं. त्या मधल्या वर्षांत या विषयात उतरू शकणारी एक पिढीच दुसरीकडे गेली, आणि ते मला आकड्यांपेक्षा जास्त सलतं. विकसनशील देशांतल्या लोकसंख्या आणि आरोग्याची माहिती गोळा करणारी, 1984 पासून चाललेली डीएचएस सर्वेक्षणं अमेरिकी मदतीवर उभी होती. 2025 च्या फेब्रुवारीत ती मदत थांबली आणि कार्यक्रम मध्येच तुटला. म्हणून निदान डेटा गोळा करणाऱ्या माणसांचा पगार आणि विश्लेषण करणाऱ्यांचा पगार एकाच देणगीदाराकडून घेऊ नका.

नकार येईल. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 43 परीक्षकांना एनआयएचचे 25 अर्ज वाचायला दिले होते. एकाच अर्जाबद्दल त्यांच्यात जवळजवळ काहीच एकमत निघालं नाही. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने 2013 मध्ये एका प्रकारच्या अनुदानात पात्र प्रस्तावांतून सरळ चिठ्ठीच काढायला सुरुवात केली. नेदरलँड्समधल्या आणखी एका अभ्यासात, निवडीच्या रेषेच्या अगदी वर राहून निवडले गेलेले आणि अगदी खाली राहून हुकलेले संशोधक यांची तुलना केली. पुढच्या आठ वर्षांत पहिल्या गटाला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. त्याचं एक कारण असं होतं की हुकलेल्यांनी पुन्हा अर्ज करणं कमी केलं. तुमच्या तीन नकारांपैकी दोन परीक्षणापर्यंत पोचलेच नव्हते, ते दारातूनच परत आले. ते नकार मोजू नका.

पुढच्या तीन महिन्यांत मी तुमच्या जागी असते तर एवढं केलं असतं: पाळ्या लावणारी दोन माणसं भेटले असते, नुकसानभरपाई देणाऱ्या यंत्रणेला एक पान पाठवलं असतं, एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन चाळीस जणांची चाचणी उरकली असती. मालकाकडून पत्र घ्या, पण "आम्ही या संशोधनाला पाठिंबा देतो" असं नको. "तीन रात्रींचा फायदा दिसला तर पुढच्या वर्षीचा तक्ता आम्ही तसा लावू" असं एक वाक्य त्यात हवं. ते लिहायला कोणी तयार नसेल, तर मालक बदला किंवा प्रश्न बदला. आणि पहिल्या पानाचा नवा मसुदा झाला की तो आधी त्या तक्ता लावणाऱ्या माणसाला वाचायला द्या, मग मला पाठवा.